शहागंजातून आणलेले बूट

आमच्या घरात बुटांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी सासूबाईंवरूनही झाली नसतील. आणि सासूबाई काही सोप्या नव्हत्या. हसायचं असेल तर हसा, पण एका माणसाच्या पायात एक जोड बूट घालता घालता माझ्या नाकात दम आला होता.

आमचे हे तेव्हा ट्रक चालवायचे. गाडी त्यांची नव्हती, एका ट्रान्सपोर्टवाल्या मालकाची होती. वाळूजच्या कंपन्यांतून माल उचलायचा, पुण्याला नाहीतर भिवंडीला टाकायचा, येताना दुसरा माल भरून यायचं. लग्न झाल्यापासून मी ह्यांना घरात पाहुण्यासारखंच बघत आले. आले की अंघोळ, जेवण, झोप. उठले की निघाले. पुंडलिकनगरच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते. एक पोरगी आहे, आता पहिलीत जाते. वर ह्यांना शुगर. फोन आला की 'पोचलात का'च्या आधी मी 'गोळी घेतली का' विचारायची. घेतली म्हणायचे. घेतली की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गाडी ते अनवाणी चालवायचे. त्यांच्यातले पुष्कळ ड्रायव्हर तसेच चालवतात. कॅबिन म्हणजे त्यांचं घर. वर देवाचा फोटो, त्याला रोज हार, उदबत्ती, मागच्या बाकड्यावर अंथरूण, कोपऱ्यात पाण्याचा कॅन. चप्पल खालीच काढायची, हातात धरून वर चढायचं आणि दाराशी पोत्याच्या तुकड्यावर ठेवायची. मी लग्नानंतर पहिल्यांदा गाडीत चढले तेव्हा चप्पल घालून चढले, तर लगेच म्हणाले, "अगं, अगं! खाली काढ. देवघरात चपला घालून जातेस का?" मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. नवी नवरी होते, कशाचंही कौतुक वाटायचं.

अनवाणी चालवण्याचं दुसरं कारण ते सांगायचे ते असं, की गाडी पायाला कळते. क्लच कुठं धरतो, ब्रेक किती दाबला की माल हलणार नाही, हे सगळं म्हणे तळव्याला समजतं. मधे बुटाचा तळ आला की गाडी मुकी होते. हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं आणि खरं सांगायचं तर पटलंही होतं. मीसुद्धा मशीनवर बसताना चप्पल काढूनच बसते.

पण कंपनीच्या गेटमधून आत जायला सेफ्टी शूज लागतात. त्याशिवाय आत सोडत नाहीत. आता प्रत्येक ड्रायव्हर कुठून आणणार बूट? तर त्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवाल्यानं उपाय काढला होता. भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट असतं ना, तसं क्रेट भरून जुने सेफ्टी शूज. भाड्यानं. चहा प्या, बूट उचला, पायात घाला, आत जाऊन माल भरा, बाहेर आलात की परत क्रेटमध्ये टाका. दुसरा ड्रायव्हर तेच गरम बूट पायात घालून आत. कधी दोन्ही उजव्या पायाचेच हाती लागायचे, कधी एक मोठा एक लहान. आमचे हे मोठ्या कौतुकानं हे सांगायचे आणि मला ऐकूनच मळमळायचं. पायांना खाज घेऊन घरी आले की मी कडुनिंबाचं पाणी करून द्यायची आणि वर चार शब्द ऐकवायची. "जगाचा घाम घेऊन येता घरी. स्वतःचा एक जोड घेता येत नाय?"

"तासाभराचं काम असतं. त्याला नवे बूट कशाला?"

हे असं चाललं होतं ते चाललंच असतं. पण कंपनीनं नियम कडक केला. भाड्याचे बूट बंद. ड्रायव्हरच्या पायात स्वतःचे, मापाचे बूट पाहिजेत, आणि नुसतं उतरताना नाही, आतल्या रस्त्यावर गाडी चालवतानाही पायात पाहिजेत. गेटवरचा वॉचमन दार उघडून पाय बघायला लागला. ह्यांची गाडी दोनदा परत पाठवली. मग मालकाचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. मालक शिव्या देत नव्हता, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाला, "सोमवारी बूट घालून या. नाहीतर गाडीची चावी ऑफिसला ठेवून जा. मला ड्रायव्हर मिळतात."

झालं. आता तरी बूट येतील असं वाटलं. कसलं काय! एकदा म्हणाले, दुकानं बंद होती. एकदा म्हणाले, माप मिळत नाही. उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानापर्यंत मी ओढत नेलं, तर काचेआडचे बूट बाहेरूनच बघितले आणि म्हणाले, "हे साहेब लोकांचे आहेत," आणि फिरले माघारी. मी चिडले. गल्लीत उभं राहून चिडले, लाज सोडून. "नोकरी जायची वेळ आली आणि तुम्हाला बुटाची लाज वाटती का काय? घरभाडं काय तुमच्या अनवाणी पायांकडं बघून माफ करणार का कुणी?" शेजारणी दारात आल्या. हे खाली मान घालून चालत राहिले. एरवी मला एकाला दोन ऐकवणारा माणूस, पण बुटाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

आमच्या गल्लीत एक ड्रायव्हर राहतो, टँकर चालवतो, बरीच वर्षं बूट घालूनच चालवतो. त्याला मी चहाला बोलावलं, की बाबा तू तरी समजावून सांग. त्यानं बसून सगळं सांगितलं. तळ वाकणारा पाहिजे, हातानं दुमडून बघायचा. दगडासारखा कडक घेतला तर पॅडलवर पाय घसरतो. पुढं लोखंडाची टोपी असते त्यापेक्षा फायबरची हलकी. बूट रुंद नको, नाहीतर ब्रेक दाबताना कडेनं ॲक्सिलेटरही दबतो. लेस लांब नको, पॅडलमध्ये अडकते. टाच उंच नको. आणि घ्यायला जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभर गाडी चालवून पाय सुजलेला असतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. मी सगळं मन लावून ऐकलं. आमचे हे पोरीच्या वहीला कव्हर घालत बसले होते. टँकरवाला जाताना म्हणाला, "वहिनी, सवय होती चार दिवसांत. उलट पाय गरम होत नाय."

"बघू," हे म्हणाले.

"बघू नाही, उद्या संध्याकाळी शहागंज," मी म्हणाले. पोरीला शेजारी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात बसवून ह्यांना घेऊनच गेले.

शहागंजच्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दुकान अरुंद, छतापर्यंत खोक्यांची चळत. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा होते, बोलणं मोठं गोड. "आओ भाभी, बैठो. ड्रायवर लोगां के वास्ते है ना? येइच चलता देखो." मी त्यांना टँकरवाल्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. तळ दुमडून बघितला, कड बघितली, लेस बघितली. चाचा हसून ह्यांना म्हणाले, "भाईसाब, गाडी तुम चलाते की भाभी चलाती?" हे पण हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला बरं वाटलं.

सात नंबर घातला. "कसा आहे?" "बसला." चाचा म्हणाले, जरा चालून बघा. चालले. "दाबतोय का कुठं?" "नाय." मला तो पुढून आखूड दिसत होता, म्हणून मी आठ नंबर मागितला. "हा?" "हा पण बसला." नऊ घातला. टाचेत माझी दोन बोटं जातील एवढी जागा. "ढिला नाय का?" "नाय, चांगला आहे."

मला राग आला. वाटलं, माणसाला लवकर सुटायचं आहे म्हणून काहीही म्हणतोय. गिऱ्हाईक ब्लाउज अंगात घालून न बघताच बरोबर आहे म्हणतं तेव्हा मला जसा राग येतो तसा. मी म्हणाले, "नीट सांगा की. माझ्या पायात घालायचाय का?" मग चाचांनी दुसऱ्या बनावटीचा आठ नंबर काढला, हलका, वाकणारा, अगदी टँकरवाल्यानं सांगितला तसा. ह्यांनी घातला, लेस बांधली, फरशीवर दोनदा पाय आपटला आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आले. "हा एकदम झकास. हाच घेऊ."

माझा जीव भांड्यात पडला. चाचांनी खोकं उघडून ठेवलं. ह्यांनी बूट काढला आणि चाचांनी तो हातात घेऊन, खोक्यात ठेवायच्या आधी सवयीनं आत हात घातला. आतून कागदाचा बोळा निघाला. नव्या बुटात पुढं कोंबलेला असतो तो, चांगला मुठीएवढा, उजव्या पायातला काढायचाच राहिला होता. ह्यांच्या बोटांनी दाबून दाबून तो पापडासारखा सपाट झाला होता.

चाचा खो खो हसले. "क्या भाईसाब! कागज के साथइच पेहेन लिए?" हे पण हसले. "मला वाटलं नवा आहे म्हणून असंल." चाचांनी बूट बांधून दिले. मी पैसे दिले. पण माझं लक्ष त्या सपाट बोळ्यावरच होतं.

रिक्षात बसलो. ते म्हणाले, "आता तरी झालं ना समाधान?" मी हूं म्हणाले. घरी आलो. पोरगी शेजारीच जेवून झोपली होती, तिला मी तिथंच राहू दिलं. ह्यांना खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना. मी तुमच्या पायाचं एक बोट धरते, कोणतं ते सांगा."

"मी काय लहान लेकरू आहे का गं? भूक लागली, वाढ."

"आधी सांगा, मग वाढते."

मिटले डोळे, नाइलाजानं. मी खाली बसले आणि उजव्या पायाचा अंगठा धरला. हळू धरला, मग जोरात धरला, मग नख रुतवलं. रक्त येईल की काय असं वाटलं. हे डोळे मिटून, शांत चेहऱ्यानं बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "धर ना आता. किती वेळ?"

मला रडू फुटलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडं बघितलं, अंगठ्यावरचा वळ बघितला. पाय मागे घेतला नाही. तसाच राहू दिला माझ्या हातात.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"मग गाडी कशी चालवता?"

त्यांनी आधी पायाकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. शुगरनं आधी पायाला मुंग्या यायच्या, मग त्याही बंद झाल्या. पाय कुठं आहे ते समजत नाही, म्हणून बघतात. ब्रेक लावायच्या आधी खाली नजर टाकतात, पाय पॅडलवर आहे ना बघतात, मग दाबतात. "उघडा पाय दिसतो गं. काळ्या पॅडलवर गोरा नसला तरी दिसतो. काळा बूट घातला की खाली सगळा अंधार. काय बघू? म्हणून नको म्हणत होतो."

मी इतके दिवस काय काय बोलले होते! पण त्या घडीला मला तेही सुचलं नाही. मला सुचलं ते वेगळंच. सोमवार तोंडावर आला होता, घरात दुसरी कमाई म्हणजे माझी मशीन, आणि मशीनवर किती चालतं ते मलाच माहीत. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "रेडियम लावू."

ट्रकला मागं-पुढं चमकणारी पट्टी लावतात ती. ह्यांच्या पिशवीत गुंडाळी असायचीच. मी कात्रीनं पट्ट्या कापल्या, पिवळ्या, आणि दोन्ही बुटांच्या टोकावर आडव्या चिकटवल्या. दिवा मालवून मोबाइलचा उजेड पाडला तर लख्ख चमकल्या. ह्यांचा चेहराही उजळला. "अगं, हे बेस झालं!" आम्ही दोघं इतके खूश झालो, की बघणाऱ्याला वाटलं असतं घरात काहीतरी मंगल कार्य आहे. आता वाटतं, दमलेल्या माणसाला काहीही पटतं.

मग मीच म्हणाले, करून बघू. मशीनचा पट्टा काढून ठेवला, खालच्या पायडलवर खडूनं मधोमध रेघ मारली. डावीकडं ब्रेक, उजवीकडं ॲक्सिलेटर. ह्यांना बूट घालून स्टुलावर बसवलं. "ब्रेक!" म्हणाले की पाय डावीकडं. बरोबर. "सोडा." बरोबर. "ब्रेक!" पुन्हा बरोबर. एकदाही चुकले नाहीत. मी हसत होते, तेही हसत होते.

हसता हसता माझं लक्ष त्यांच्या मानेकडं गेलं. दर वेळी ब्रेक म्हटलं की हनुवटी खाली जात होती. मी रोज ह्याच मशीनवर बसते. पाय खाली आपले आपण चालतात, डोळे सुईवर असतात. खाली बघितलं तर सुई बोटात जाईल, हे मशीन शिकणाऱ्या पोरींना मीच सांगते.

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी म्हणाले, "तो रस्ता समजा. तिकडंच बघायचं. खाली नाही."

ते कॅलेंडरकडं बघायला लागले. मी थोडं थांबले. मग ओरडले, "ब्रेक!"

त्यांनी पाय उचलला आणि जोरात दाबला. नजर कॅलेंडरवर. "लागला," म्हणाले.

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हणून त्यांनी खाली बघितलं. पिवळी पट्टी रेघेच्या उजवीकडं होती, चांगली टेकून दाबलेली.

बूट न काढताच ते उठले. मला वाटलं रागावले, बाहेर जातील. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मालकाला लावला. मालकाला वाटलं बुटाचंच रडगाणं आहे. त्याचा हसण्याचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. त्या दिवशी मालकाचा मूड बरा होता, म्हणत होता, अरे बाबा, बूट मी घेऊन देतो, तू सोमवारी ये फक्त, तुझ्यासारखा जुना माणूस मला कुठं मिळणार. हे ऐकत होते. मी मनात म्हणत होते, नका सांगू. शप्पथ, तेव्हाही मी तेच म्हणत होते. घरभाडं, पोरीची शाळा, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"बूट घेतलेत, मालक," हे म्हणाले. "चांगले आहेत. पण मला ब्रेक कळत नाय."

पलीकडचं हसणं थांबलं. मग मालकानं विचारलं, कधीपासून?

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून सांगितलं, "गेल्या उन्हाळ्यापासून."

गेल्या उन्हाळ्यात पोरीला सुट्टी लागल्यावर आम्ही दोघी ह्यांच्याच गाडीतून माझ्या माहेरी गेलो होतो. घाट उतरताना पोरगी माझ्या मांडीवर होती, आणि मला डोळा लागला होता.